माळावरचा कारखानदार

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील एका कारखान्यात अठरा वर्षे काम करीत आहेत. तेथे त्यांना नावाने कोणी हाक मारीत नाही. हजेरीचा नंबर पुकारतात. एकदा यंत्रातला बिघाड त्यांनी आधीच ओळखला आणि साहेबांना सांगितला. तेव्हा, आपले काम बघ, असे त्यांना सुनावण्यात आले. तेव्हापासून ते घरी कामाविषयी चकार शब्द काढीत नाहीत. म्हणूनच लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र मला निराळ्या ओढीने वाचावेसे वाटले.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नसत. त्यांनी कुंचला ठेवला आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती घेतली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला ती देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले.

बेळगावला भावासह त्यांनी सायकलींचे दुकान काढले. मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ त्यांनी दिला. निवडुंग आणि साप एवढेच तेथले वैभव! 1910 साली मूठभर कामगार आपली बायकापोरे घेऊन त्या माळावर उतरले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

मला थक्क केले ते त्यांच्या माणसे पारखण्याने. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. मंगेशराव रेगे हिशेबही पाहत आणि वसाहतीचा कारभारही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तर लक्ष्मणरावांनी वाडीची राखण सोपविली, आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत शिवाशीव पाळू दिली जात नसे. 1920 साली तेथून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्र पुढे साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाले.

1956 साली लक्ष्मणराव गेले. ज्याला स्वतःला डावलले गेले, त्याने दुसऱ्याला डावलले नाही, हे मला त्यांच्या नांगराहूनही मोठे वाटते. पगार देऊन हात मिळतात. मन मिळवायला माणूस ओळखावा लागतो.

बी. ए. झाल्यावर कदाचित माझ्याही हाती एखादे हजेरीपुस्तक येईल. त्यात नंबराशेजारी नाव असते, हे मी विसरणार नाही. तूर्त मात्र, यंत्राचा तो बिघाड नेमका काय होता, हे आज रात्री वडिलांना विचारणार आहे.