वुडी गथ्री व त्याच्या आईचा रोग

अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत ओकीमा नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १४ जुलै १९१२ रोजीं वुडी गथ्री ह्याचा जन्म झाला. पुढें हा मनुष्य गोरगरिबांचा गायक म्हणून त्या देशांत प्रसिद्धीस आला. परंतु वाचकहो, आज त्याच्या गाण्यांपेक्षां त्याच्या दुखण्याचीच हकीकत अधिक सांगावयाची आहे; कारण त्या दुखण्याचें नांव उघडपणें घेतलें गेल्यानें पुष्कळ कुटुंबांचें हित झालें.

वुडीचा बाप जमिनींच्या खरेदीविक्रीचा धंदा करी. आई नोरा ही मुलांस जुनीं गाणीं म्हणून दाखवी. १९१९ सालीं वुडीची थोरली बहीण क्लारा भाजून मरण पावली. पुढें आईची प्रकृति पालटत गेली. ती एकाएकीं संतापे, तिचे हातपाय आपोआप हलत, घरकामाचें भान राहत नसे. शेजाऱ्यांनीं तिला वेडी ठरविलें. बाप कर्जांत बुडाला. १९२७ सालीं तोही आगींत फार भाजला, आणि आईस नॉर्मन येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. १९३० सालीं ती तेथेंच वारली.

वुडी लहानपणींच पोरका झाल्यासारखा झाला. १९३५ च्या सुमारास धुळीच्या भयंकर वादळांनीं त्या भागांतील शेती बुडाली व हजारों कुळें घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालीं. वुडीही १९३७ सालीं तिकडे गेला, आणि त्यानें त्यांचीं दुःखें गाण्यांत गुंफिलीं. १९४० सालीं त्यानें 'धिस लँड इज युअर लँड' हें आपलें सर्वांत प्रसिद्ध गाणें लिहिलें. १९४१ सालीं कोलंबिया नदीच्या धरणांवर एका महिन्यांत त्यानें सव्वीस गाणीं रचिलीं.

तो निर्दोष होता असें नाहीं. तो बायकामुलांस मागें टाकून दूरदूर भटके, आणि दारूही पिई. म्हणून चाळिशीच्या सुमारास त्याचें वागणें बिघडलें तेव्हां लोकांनीं दोष दारूस दिला. परंतु १९५२ सालीं डॉक्टरांनीं खरें कारण सांगितलें : तो हंटिंग्टनचा रोग होता, तोच त्याच्या आईचा रोग. जॉर्ज हंटिंग्टन नामक डॉक्टरानें १८७२ सालीं त्याचें वर्णन केलें होतें.

हा रोग स्पर्शानें होत नाहीं, तर आईबापांकडून येतो. आईस किंवा बापास तो असल्यास प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो कीं मुलगी, तो मिळण्याचा व न मिळण्याचा संभव सारखाच असतो. ज्याला तो मिळाला नाहीं, त्याच्याकडून तो पुढच्या पिढीस जात नाहीं. बहुधा तीस ते पन्नास वर्षांच्या दरम्यान लक्षणें दिसूं लागतात. म्हणजे रोग कळेपर्यंत मनुष्यास मुलेंबाळें झालेलीं असतात.

ह्यापुढचीं बहुतेक वर्षें वुडीचीं इस्पितळांत गेलीं. हातांत लेखणी धरवत होती तोंवर तो लिहीत राहिला. रविवारीं स्नेही त्याला न्यू जर्सींतील एका घरीं आणीत, आणि तेथें त्याच्याभोवतीं बसून त्याचींच गाणीं गात. १९६१ सालीं बॉब डिलन हा तरुण गायक त्याच्या भेटीस आला. शेवटीं त्याची वाचाही गेली. ३ ऑक्टोबर १९६७ रोजीं, पंचावन्नाव्या वर्षीं, तो मरण पावला.

त्याची दुसरी पत्नी मार्जरीबाई ह्यांचा त्याच्याशीं काडीमोड झालेला होता. तरी त्यांनीं अखेरपर्यंत त्याचा समाचार घेतला. आपल्या तीन मुलांपैकीं कोणासही हा रोग होऊं शकेल हें त्या जाणत होत्या. पण त्यांनीं तोंड लपविलें नाहीं. १९६७ सालींच त्यांनीं ह्या रोगाशीं झगडण्याकरितां एक मंडळी स्थापिली. त्या गांवोगांव हिंडून रोगी असलेल्या घराण्यांस एकत्र आणीत, आणि डॉक्टरांस व सरकारास जागे करीत. १९७६ सालीं सरकारनें नेमलेल्या चौकशीमंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या. मार्च १९८३ मध्यें त्या वारल्या. त्याच वर्षीं, व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराच्या कांठच्या कुटुंबांच्या रक्ताच्या तपासणीवरून, ह्या रोगाचें बीज शरीरांत कोठें आहे ह्याचा माग लागला. १९९३ सालीं तें बीज सांपडलें. आतां रक्त तपासून रोग येणार कीं नाहीं हें आधींच कळूं शकतें. मुळापासून बरें करणारें औषध अद्यापि नाहीं.

आपल्याकडेही एखाद्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या तेंच दुखणें आलें, तर लोक त्यास शाप म्हणतात, आणि मुलांचीं लग्नें मोडतील ह्या भयानें घरचीं माणसें तें झांकून ठेवितात. नोराबाईस लोकांनीं वेडी म्हटलें, आणि तेवढ्यानें तिचें दुःख रतीभरही कमी झालें नाहीं. तिच्या मुलाच्या रोगाचें नांव मात्र उघड झालें, म्हणून त्याच्याभोवतीं माणसें जमलीं आणि मागून शोधही लागला. तेव्हां असें दुखणें घरांत असेल तर रोग्यास दोष देऊं नका. त्याला डॉक्टरास दाखवा, घराण्यांत कोणाकोणास तें झालें होतें हें त्यास स्पष्ट सांगा, आणि रोग्याच्या घरीं जाणेंयेणें सोडूं नका.