रूब वॉडेल

जॉर्ज एडवर्ड तथा रूब वॉडेल (१३ ऑक्टोबर १८७६ – १ एप्रिल १९१४) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू व डावखुरे पिचर होते. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड येथे झाला. ‘रूब’ म्हणजे गावंढळ. हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले.

बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो. यास स्ट्राइकआउट म्हणतात. त्या काळी फलंदाज जोरदार फटक्यापेक्षा चेंडूला बॅट लावण्यावर भर देत, म्हणून वॉडेल यांचे आकडे विशेष ठरतात. १९०२ मध्ये हंगाम सुरू झाल्यानंतर ते फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघात दाखल झाले, तरीही अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक स्ट्राइकआउट त्यांचेच होते. १९०७ पर्यंत सलग सहा वर्षे हा मान त्यांच्याकडे राहिला.

मद्यपान आणि बेशिस्त यांपायी मात्र व्यवस्थापक कॉनी मॅक यांचाही संयम सुटला आणि १९०८ मध्ये वॉडेल यांना सेंट लुईस ब्राउन्स संघाला विकण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी ॲथलेटिक्सचेच १६ फलंदाज एका सामन्यात स्ट्राइकआउट केले.

१९१२ मध्ये केंटकीतील हिकमन गावी पूर आला असता बांध घालण्यासाठी ते थंडगार पाण्यात उभे राहून वाळूची पोती रचत होते. त्यातून न्यूमोनिया झाला, प्रकृती खालावली आणि पुढे क्षयाने सॅन अँटोनियो येथे वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९४६ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. त्याच वर्षी बॉब फेलर यांनी ३४८ स्ट्राइकआउट करून वॉडेल यांचा १९०४ मधील विक्रम मोडल्याचे मानले गेले. जुन्या नोंदी तपासल्यावर वॉडेल यांचा आकडा ३४९ निघाला. तो सँडी कोफॅक्स यांनी १९६५ मध्ये ओलांडला.