मुलांच्या हाती कारभार सोपविणारे कर्मवीर अण्णा

समाजात शाळा काढणारे पुष्कळ झाले. वसतिगृहांना उदार हस्ते देणग्या देणारे दातेही आपल्या समाजात कधी कमी पडले नाहीत. परंतु वसतिगृहाचा रोजचा कारभार तेथे राहणाऱ्या मुलांच्याच हाती निःशंक मनाने सोपविणारे पुरुष विरळाच. कर्मवीर भाऊराव पाटील हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. विद्यार्थ्यांचे नेतृत्वगुण कसे वाढवावेत, शाळेच्या कारभारात त्यांच्या मताला स्थान असावे की नसावे, याची चर्चा अलीकडे सर्वत्र चालते. या प्रश्नाचे उत्तर भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी व्याख्यानांतून नव्हे, तर भाकरीच्या चुलीजवळ आणि कुदळ-फावड्याच्या कामातून दिले होते.

जन्म व बालपण

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव बाहुबली क्षेत्रामुळे सर्व जैन बांधवांना परिचित आहे. याच गावी दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडिलांच्या बदल्यांमुळे लहानग्या भाऊरावांचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले.

अभ्यासापेक्षा त्यांचा ओढा कुस्ती, पोहणे आणि सवंगड्यांकडे अधिक होता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीचे पाणी मिळत नाही हे पाहून या मुलाने विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. जे मनाला अन्यायाचे वाटेल ते निमूटपणे सोसावयाचे नाही, हा त्यांचा पिंड बालपणीच घडला होता.

बोर्डिंगमधील एक नकार

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या काळी उभी राहत होती. खेड्यापाड्यांतील शेकडो मुलांना त्यांमुळे शहरात डोके टेकावयास जागा मिळाली. जैन बोर्डिंगचेही हे उपकार फार मोठे आहेत.

इ. स. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच आत यावे, असे त्यांना बोर्डिंगमध्ये सांगण्यात आले. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्यास स्पष्ट नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या छत्राखाली त्यांची राहण्याची सोय झाली, परंतु शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

बोर्डिंगचे तत्कालीन अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्रिपदही त्यांनी भूषविले. अशा विद्वान, समाजहितैषी माणसाच्या देखरेखीखालील संस्थेतही एका विद्यार्थ्याचा प्रामाणिक नकार ऐकून घेतला गेला नाही. त्या काळच्या रूढीचा पगडा विचारात घेतला तरी ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

या कथेचा उत्तरार्ध त्याहून अधिक मननीय आहे. १९१४ साली कोल्हापुरात सम्राट एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशयाचा रोख लठ्ठे यांच्याकडे वळला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या अंमलात आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. परंतु खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी नकार दिला. त्यासाठी त्यांनी कोठडी भोगली, अनन्वित छळ सोसला. स्नानास नकार देणारा विद्यार्थी आणि खोट्या साक्षीस नकार देणारा तरुण हे एकच होते. पहिल्या नकाराला ज्यांनी उद्धटपणा मानले असेल, त्यांना दुसऱ्या नकाराने त्याचे खरे मोल दाखवून दिले. सत्य आणि अहिंसा ही व्रते आपण नित्य उच्चारतो. भाऊरावांनी ती किंमत मोजून पाळली.

व्यवसाय आणि ध्यास

चरितार्थासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. तेथे ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जात. पुढे ओगले काच कारखान्याचा माल, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने त्यांनी गावेच्या गावे पायांखाली घातली. साताऱ्यातील कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. या भ्रमंतीत मालाबरोबर त्यांनी माणसेही पारखली. नांगर विकत घेणारा शेतकरी अक्षरशत्रू आहे, त्याला हिशेब कळत नाही, म्हणून तो कर्जाच्या फेऱ्यातून सुटत नाही, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. रयतेच्या मुलांना शिकविल्याशिवाय गत्यंतर नाही, हा निश्चय तेथेच झाला.

१९१० साली सहकाऱ्यांसमवेत त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला होताच. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे छत्रपती शाहू बोर्डिंगची मुहूर्तमेढ रोवली गेली.

एका पंक्तीचे बोर्डिंग

कोल्हापूरची वसतिगृहे जातवार होती. त्या काळी तेच शक्य होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग, सर्व जातिधर्मांची मुले साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये एकत्र राहू लागली, एकत्र रांधू लागली, एका पंक्तीस बसून जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी या बोर्डिंगला भेट दिली व हा प्रयोग पाहून समाधान व्यक्त केले.

मुलांनी एका पंक्तीस जेवणे ही गोष्ट जगाच्या नजरेत भरली. परंतु त्या पंक्तीमागची व्यवस्था तितकीच महत्त्वाची होती. बोर्डिंगमध्ये आचारी वा नोकर ठेवून मुलांची सेवा करवून घेण्याची पद्धत नव्हती. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, बागकाम ही सारी कामे मुलांमध्येच वाटून दिलेली असत. थोरली मुले धाकट्यांकडे पाहत. पैसा अपुरा होता हे त्याचे एक कारण होतेच. गावोगावच्या घरांतून मुठी-मुठीने जमणाऱ्या धान्यावर बोर्डिंग चाले. पण गरज हे एकमेव कारण नव्हते. स्वावलंबन हे भाऊरावांनी संस्थेचे ब्रीदच ठरविले होते.

या रीतीतून काय साधते, हे संसारी माणसाला सहज उमगावे. ज्याने स्वतः कणगीतले धान्य मापून काढले, त्याला ते किती दिवस पुरेल हे कळते. ज्याने पंक्तीला वाढले, त्याला शेवटच्या पानापर्यंत भाकरी पुरविण्याची काळजी कळते. ज्याच्यावर दहा मुलांच्या कामाची जबाबदारी आहे, त्याला कोणाला समजावून सांगावे, कोणाला दटावावे आणि कोणाचे ऐकून घ्यावे, हे पुस्तकावाचून कळू लागते. असा मुलगा जेव्हा एखाद्या गोष्टीबद्दल आपले मत मांडतो, तेव्हा त्या मताला वजन असते. बिनजबाबदारीचा आवाज हा नुसता कलकलाट ठरतो आणि आवाजावाचून लादलेली जबाबदारी ही वेठबिगार ठरते. भाऊरावांच्या बोर्डिंगात दोन्हींचा मेळ बसला.

विशेष म्हणजे जो मुलगा गावी पाणवठ्याजवळ उभा राहू शकत नव्हता, तोच येथे सर्वांसाठी पाणी भरी व सर्वांना वाढी. नेतृत्वाचा पहिला धडा त्याला पंक्तीतच मिळे.

रयतमाउली

भाऊरावांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांचा उल्लेख केल्याविना हे चरित्र अपुरे राहील. सनातनी वळणाच्या सुखवस्तू जैन घराण्यात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जवळ केले. अंगावरील दागिने एकामागून एक बोर्डिंगसाठी गेले. भाऊराव फिरतीवर असताना घरातले धान्य संपले आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या कालवश झाल्या. आहारदानाचा महिमा जैन धर्मात मोठा सांगितला आहे. याहून श्रेष्ठ आहारदान कोणते असेल?

कमवा आणि शिका

१९३५ मध्ये शिक्षक घडविण्यासाठी साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले. बोर्डिंगमध्ये वाढलेली मुले शिक्षक होऊन, जेथे शाळेचे नाव नव्हते अशा खेड्यांत जाऊ लागली. अशा व्हॉलंटरी शाळांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. काल जो शिकत होता, तोच आज गावाचा गुरुजी झाला.

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. माध्यमिक शिक्षण निःशुल्क आणि सोबत निवासाची सोय, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. कमवा आणि शिका हा तेथील मंत्र होता. मुलांनी खडकाळ माळ फोडले, शेते केली, बांध घातले आणि आपल्या घामाने शिक्षणाचा खर्च उचलला. भाऊराव मुलांना फुकट शिकवीत नव्हते. ते मुलांना आपल्या शिक्षणाचे धनी बनवीत होते. धर्मादायावर शिकणारा मुलगा मान खाली घालून वावरतो. स्वतः कमावून शिकणाऱ्याची मान ताठ राहते आणि त्याच्या तोंडी शब्दही ताठ येतो.

अण्णा, म्हणजे भाऊराव, स्वभावाने कडक होते, प्रसंगी तापटही होते. शिस्तीत त्यांनी कधी सूट दिली नाही. परंतु ज्या कामाला मुलांना जुंपले, त्या कामात ते स्वतः मागे राहिले नाहीत. खादीचे जाडेभरडे वस्त्र, खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी असा त्यांचा वेश मुलांच्या वेशाहून निराळा नव्हता.

स्पष्टवक्तेपणाची किंमत भाऊरावांना उतारवयातही मोजावी लागली. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारवर केलेल्या टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था कोसळते की काय अशी वेळ आली. परंतु लोक पाठीशी उभे राहिले, गाडगे महाराजांसारख्या संतांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. महात्माजींच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी याच काळात केला होता.

फलश्रुती

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय, १९५४ मध्ये कऱ्हाडास सद्गुरु गाडगे महाराज महाविद्यालय उभे राहिले. संस्थेचा कारभारही हळूहळू तिच्याच लेकरांच्या हाती गेला. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांच्या छायेत वाढलेले विद्यार्थी. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी वकिलीत पैसा न मिळविता संस्थेच्या सेवेस वाहून घेतले व पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेत आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. मुलांवर लहानपणी टाकलेल्या विश्वासाची ही सव्याज परतफेड होय.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले व पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी दि. ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या वर गेली होती. वटवृक्ष हे रयतचे बोधचिन्ह. आज त्याच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

जीव आपल्याच पुरुषार्थाने उन्नत होतो, दुसरा कोणी त्याला उचलून वर नेऊ शकत नाही, ही जैन दर्शनाची शिकवण आहे. भाऊरावांनी ती शिक्षणाच्या क्षेत्रात उतरविली. आपल्या समाजाच्या शाळा, पाठशाळा व वसतिगृहे आज सुस्थितीत आहेत. इमारती पक्क्या आहेत, भोजनाची व्यवस्था चोख आहे. परंतु तेथील मुलांच्या हाती कोठीची किल्ली आहे काय, खर्चाची वही त्यांना कधी पाहावयास मिळते काय, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने एखाद्या रूढीला नम्रपणे नकार दिला तर विश्वस्त मंडळी त्याचे ऐकून घेतील काय, हे प्रश्न भाऊरावांचे चरित्र आपणा सर्वांपुढे ठेवते. एकदा एका वसतिगृहाने असा नकार ऐकला नाही आणि एक गुणी विद्यार्थी गमावला. त्या विद्यार्थ्याने कटुता न धरता हजारो मुलांसाठी दारे उघडली. ती दारे आपल्याही संस्थांत उघडी राहावीत, हेच कर्मवीर अण्णांना खरे अभिवादन ठरेल.