पक्षिमित्र डॉ. सलीम अली



त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईला झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. आईवडील लवकर वारले, म्हणून मामा-मामींनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. मामा शिकारी होते. त्यांनी भाच्याला छर्‍यांची बंदूक दिली. एकदा छोट्या सलीमने चिमणी पाडली. उचलून बघतो तर काय, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. तेव्हापासून त्याला पक्ष्यांचे वेडच लागले.

पुढे त्यांना मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. रजा घेऊन ते पक्षिशास्त्र शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली परत आले, तर त्यांची जागाच रद्द झालेली! पण ते खचले नाहीत. पत्नी तेहमिनाबाईंसह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांचे खोपे लटकलेले होते. नोकरी नाही तर नाही, ते रोज खोपे बघत बसले आणि दिसेल ते वहीत लिहीत गेले.

त्यातून मोठी गंमत कळली. आपण सुगरण म्हणतो खरे, पण खोपा विणतो तो नर! तो अर्धा खोपा विणतो. मग माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथे राहते आणि नर उरलेला खोपा पुरा करतो. मग तो दुसरीसाठी नवा विणायला घेतो. नापसंत खोपे अर्धेच राहतात. (हे घरी सांगितले तेव्हा आई वडिलांकडे बघून खूप हसली.)

नंतर सलीम अली हिमालयापासून केरळपर्यंत आणि कच्छच्या रणातही हिंडले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. पुढे रिप्लेसाहेबांबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला.

राजस्थानात भरतपूरला पाणपक्ष्यांचे मोठे ठिकाण आहे. तिथे पूर्वी राजेलोक शिकार करीत. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉयच्या शिकारीत ४२७३ पक्षी मारले गेले. तसे तिथल्या दगडावर कोरलेले आहे. त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली होती! स्वातंत्र्यानंतर तिथले पाणी काढून शेती करावी, अशी मागणी होती. तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना गाठून ती जागा वाचवली. १९८५ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात जाऊ नये म्हणूनही ते झटले.

सरकारने १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते मुंबईला वारले. आता १२ नोव्हेंबरला त्यांची आठवण म्हणून पक्षी दिन पाळतात.

मला वाटते, त्यांची खरी ताकद वहीत होती. पाहिलेले लिहून ठेवले की मोठ्यांनाही ऐकावे लागते. म्हणून आम्ही सहावीच्या मुलांनीही वही केली आहे. आपल्या ओढ्याकाठच्या बाभळीवर या पावसाळ्यात ११ खोपे आहेत. त्यातले ७ पुरे आणि ४ अर्धे. पुर्‍या खोप्यांतून पिल्लांचा आवाज येतो. ती बाभूळ तोडायची आहे असे ऐकले. बाभळीचे मालक पालक म्हणून हे भित्तिपत्रक वाचायला येतीलच. काका, झाड तुमचे आहे. पण पिल्ले उडून जाईपर्यंत, निदान दिवाळीपर्यंत थांबाल का? तोवर वही आम्ही रोज भरू.