बाबू गेनू यांचं आयुष्य नकाशावर मांडायचं तर कसं?

नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं महाळुंगे टाइप केलं की पुण्यातल्या माणसाला आधी दिसतं ते बालेवाडीला लागून असलेलं महाळुंगे. उत्तरेला सरकलं की चाकणच्या कारखान्यांजवळचं महाळुंगे इंगळे. आपल्याला हवंय ते तिसरं, महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर ओलांडून कळंबकडे जायचं आणि तिथून आत वळायचं. एकाच जिल्ह्यात एवढी महाळुंगे असतील तर डेटाबेसच्या भाषेत सांगायचं म्हणजे गावाचं नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही. म्हणून जनगणनेत आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड दिलेला असतो. गावाचा कुठलाही खुला डेटा जोडायचा असेल तर आधी हा कोड शोधा, नावावर विसंबू नका. नाहीतर बालेवाडीचे टॉवर आंबेगावच्या शेतात उभे राहतील.

या तिसऱ्या महाळुंग्यात १९०८ साली बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल चार ओळी असतात: गिरणी कामगार, परदेशी कापड, ट्रक, हुतात्मा. त्या खऱ्याच आहेत, पण त्यातून माणूस कळत नाही आणि तो ज्या शहरात जगला ते शहर तर अजिबात कळत नाही. आज कुणालाही फुकट मिळणारा डेटा आणि नकाशे घेऊन ते आयुष्य किती दिसतं ते बघू.

घरची शेती, तीही जेमतेम. वडील बाबूंच्या लहानपणीच गेले आणि घराला मुंबईची वाट धरावी लागली. नकाशावर हा प्रवास बघितला तर गंमत वाटते. महाळुंगे पडवळ मुंबईच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे, हवाई अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. मध्ये सह्याद्रीची भिंत. उंचीचा खुला डेटा क्यूजीआयएसमध्ये टाकून या रेषेचा उभा छेद काढला, की पठार कसं एकदम तुटतं आणि खाली कोकण किती सपाट आहे ते दिसतं. जुन्नर-आंबेगावची माणसं पिढ्यानपिढ्या या कड्याच्या पलीकडे पोट भरायला उतरली. घाटावरून मुंबईला जाणं हा अपवाद नव्हता, रिवाज होता.

हे आकड्यांतही दिसतं. ब्रिटिशकालीन जनगणनांचे जुने खंड आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. त्यात मुंबई शहराच्या लोकांचं जन्मस्थान देणारे तक्ते आहेत. १९२१ साली मुंबईची लोकसंख्या होती ११,७५,९१४ आणि त्यात मुंबईतच जन्मलेली माणसं पाचात एकही नव्हती. सगळ्यात जास्त माणसं रत्नागिरीची, आणि घाटावरच्या ज्या जिल्ह्यांतून मोठा लोंढा येई त्यांत पुणे होतं. दहा वर्षांनी, १९३१ साली, आकडा थोडा घटून ११,६१,३८३ झाला. वाढत्या शहराची लोकसंख्या घटते कशी? तर मधल्या काळात मंदी आली, गिरण्यांत मोठे संप झाले. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. पगार बंद झाला की कामगार गावी परतायचा, कारण गावाकडची नाळ तुटलेली नसायची. घटलेला आकडा या परतीच्या वाटेचाही आहे. हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा स्त्रिया नव्हत्या, यावरून कळतं की बायकापोरं गावी आणि पुरुष मुंबईत, असं अर्धं-अर्धं घर ही तेव्हाची सर्वसाधारण गोष्ट होती. बहुसंख्य लोक एका खोलीत राहत. शिफ्टप्रमाणे झोपायची जागा वाटून घेत.

(या तक्त्यांवर ओसीआर चालवायचा विचार असेल तर तयारीनिशी जा. आडव्या-उभ्या रेघा, पुसट आकडे, तीनचा आठ होतो. हाताने टाइप केलेलं बरं, असं म्हणण्याची वेळ येते.)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा बाबू तेरा वर्षांचे होते. पुढची झाली २६ फेब्रुवारी १९३१ ला. बाबू गेनू गेले १२ डिसेंबर १९३० ला, म्हणजे त्या मोजणीच्या ७६ दिवस आधी. गिरणीत काम करणारा, चळवळीत उतरलेला हा तरुण माणूस कुठल्याच मोजणीत सापडत नाही. सापडलं तर लहानपणीचं पोर सापडेल. दहा वर्षांतून एकदा घेतलेला फोटो म्हणजे जनगणना, आणि दोन फोटोंच्या मधे माणूस येतो, राबतो, निघून जातो. आज हे आठवायचं कारण उघड आहे. आपल्याकडे २०११ नंतरची मोजणी २०२१ मध्ये झालीच नाही, पुढची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. शहराचे कित्येक डॅशबोर्ड अजून २०११ च्या लोकसंख्येने भागाकार करतात. या सोळा वर्षांत हिंजवडीला, चाकणला, भिवंडीला आलेली माणसं त्या छेदात नाहीत.

१९३० साल सुरू झालं ते मिठाच्या सत्याग्रहाने. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींचे जथे चालून जात होते आणि बाबू गेनू त्यांत होते. शिक्षा झाली, येरवड्याच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगून ते परत आले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं उपग्रह चित्र उघडा, इमारतींच्या मधेच चौकोनी चौकोनी वाफे अजून काही ठिकाणी दिसतात. मिठागरांच्या जागांवर आज काय बांधायचं यावरून वाद चालू आहेत, ते बघताना हा इतिहास त्याच जमिनीचा आहे हे माहीत असलेलं चांगलं.

सुटून आल्यावर पुढचं काम होतं परदेशी कापडावरच्या बहिष्काराचं. आणि इथे नकाशा खरंच उपयोगी पडतो.

मुंबईच्या कापडाचा घाऊक व्यापार मूळजी जेठा मार्केट आणि आसपासच्या गल्ल्यांत एकवटलेला होता. पूर्वेला बंदर, दक्षिणेला फोर्ट, उत्तरेला गिरणगाव. ओपनस्ट्रीटमॅपवरून या भागाचे रस्ते उतरवून घेतले, की जाळं दिसतं ते बोळांचं. रुंद रस्ते मोजकेच. त्यातला प्रिन्सेस स्ट्रीट तर प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्ती कापून काढलेला. पायथनमध्ये ओएसएमएनएक्स नावाची लायब्ररी आहे. ती वापरून प्रत्येक रस्त्याची मध्यस्थता मोजता येते. कल्पना साधी आहे: जाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणाहून दुसऱ्या प्रत्येक ठिकाणी जाण्याचा जवळचा मार्ग काढायचा आणि त्यातले किती मार्ग एका रस्त्यावरून जातात ते मोजायचं. बोळांच्या अशा जाळ्यात मोजक्या मोठ्या रस्त्यांवरच हा आकडा चढतो, आणि काळबादेवी रस्ता त्यांतला. आजचं जाळं १९३० चं नाही, मोटारीही तेव्हा कमी होत्या, त्यामुळे हा पुरावा म्हणून वापरू नये. पण एवढं नक्की समजतं की हातगाडी कुठूनही निसटेल, कापडाच्या गाठींनी भरलेली लॉरी निसटणार नाही. तिला ठराविक रस्त्यावरूनच जावं लागणार. स्वयंसेवक जिथे उभे राहिले ती जागा शहर रोज पायाखाली घालणाऱ्या माणसांनी निवडलेली होती. गिरणी कामगाराला अल्गोरिदम लागत नव्हता.

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. जॉर्ज फ्रेझर या व्यापाऱ्याचं परदेशी कापड पोलीस बंदोबस्तात हलवलं जात होतं. काळबादेवी रस्त्यावर गर्दी जमली, स्वयंसेवक गाडीसमोर येत होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत होते. बाबू गेनू गाडीसमोर आडवे झाले. त्यांच्या चरित्रांत सांगतात की हिंदी चालकाने गाडी पुढे घ्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्टिअरिंग हातात घेतलं. गाडी त्यांच्या अंगावरून गेली. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वय बावीस. शहरात हरताळ पडला आणि अंत्ययात्रेला प्रचंड लोक लोटले.

आता डेटावाल्यांसाठी अवघड प्रश्न. ही घटना कुठल्या रकान्यात जाईल? आज देशात रस्ते अपघातांची नोंद ठेवायला आयरॅड ही प्रणाली आहे. पोलीस जागेवरूनच मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह नोंद करतात, आणि हे काम चांगलंच आहे, धोकादायक चौक त्यातून सापडतात. पण अशा फॉर्मवर ही घटना भरून बघा: वाहनाचा प्रकार, मालवाहू. मृत व्यक्ती, पादचारी. ठिकाण, काळबादेवी रस्ता. सगळे रकाने बरोबर भरले आणि घडलं ते कुठेच आलं नाही. गाडी का थांबली नाही, समोरचा माणूस तिथे का होता, चालक बदलला का, यांना रकानाच नाही. नकाशावर एक लाल ठिपका वाढेल, बस्स. मला वाटतं सार्वजनिक डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा ठिपका डोक्यात ठेवावा. डेटा चुकीचा नसतानाही अपुरा असू शकतो, आणि अपुरेपणा रकाने ठरवतानाच आत शिरतो. ते कोण ठरवतं हे विचारायला हवं.

मृत्यूनंतर बाबू गेनू नकाशावर दुसऱ्या रूपात येतात. ओव्हरपास टर्बोमध्ये नावात बाबू गेनू असलेल्या जागा शोधायची क्वेरी लिहायची असेल तर एकच स्पेलिंग पुरत नाही. इंग्रजीत गेनू दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, मराठीत बाबूचा ऊ कधी ऱ्हस्व होतो, कधी मागे हुतात्मा लागतं, कधी आडनाव येतं. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा आणि मराठी नावाचा टॅगही तपासा, कारण बऱ्याच रस्त्यांना तो भरलेलाच नसतो. भरून टाकलात तर उत्तम, खातं उघडायला दोन मिनिटं लागतात.

काळबादेवीत बाबू गेनू रोड आहे. पुण्यात मंडईजवळ हुतात्मा बाबू गेनू गणेश मंडळ आहे, गणपतीत तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथल्या किती जणांना हा माणूस आंबेगावचा हे माहीत असेल कुणास ठाऊक. त्यांच्याच तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. या जलाशयात मूळचं आंबेगाव बुडालं. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला आणि ज्या गावावरून नाव पडलं ते पाण्याखाली. जुना टोपोशीट आजच्या उपग्रह चित्रावर बसवला तर निळ्या पट्ट्याखाली घरं आणि वाटा दिसतात. गावी घर असूनही पोटासाठी गाव सोडावं लागलेल्या माणसाचं नाव, विस्थापितांच्या गावावर पसरलेल्या पाण्याला.

माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ बाबू गेनू मार्केट होतं. महापालिकेचीच इमारत, वर पालिकेच्या कर्मचाऱ्यांची घरं. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी ती कोसळली आणि ६१ माणसं गेली. मुंबईत दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. पीडीएफमध्ये, पत्ता एका ओळीत कसाबसा कोंबलेला. ती नकाशावर आणायची म्हणजे प्रत्येक पत्ता हाताने शोधायचा, बांधकामाचं वर्ष वेगळ्या ठिकाणाहून मिळवायचं, शेवटचं ऑडिट कधी झालं ते माहितीच्या अधिकारात विचारायचं. हे काम मुंबईत, पुण्यात कुणी हौशी मंडळी शनिवार-रविवारी करू शकतात. सुरुवात आपल्या वॉर्डाच्या यादीपासून करा, आणि इमारतीचा बहुभुज काढताना त्यात किती कुटुंबं राहतात तोही रकाना ठेवा.