परक्यांच्या लेकरांचे खाँसाहेब

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाच्या भगिनींनी मला सुचविले, तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव चटकन मनात आले. आपले मांजरसुंबा चौफुलीवरचे गाव. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी कर्नाटकातून, तेलंगणातून भाविक येतात. आणि आपल्या भागातील कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची लेकरे वर्षातले काही महिने परक्या बोलीत काढतात. परक्या मुलखात सुरांनी घर कसे बांधावे, हे ज्याने करून दाखविले, त्याची ही कथा आपल्याला जवळची वाटावी.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली उत्तरेकडील कैराना या गावी झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात आहे. घराणे गवयांचे आणि सारंगियांचे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी घराण्याची विद्या म्हणजे घरातली ठेव. ती मुलाला, पुतण्याला द्यावयाची, बाहेरच्याला सहसा नाही. ऐन तारुण्यात ते बडोद्याच्या दरबारी आले. तेथे मराठा सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले.

मिरजेच्या आसपास मराठी आणि कानडी या दोन्ही बोली शेजारी नांदतात. याच मुलखात धारवाडजवळच्या कुंदगोळचा रामभाऊ नावाचा कानडी मुलगा लहान वयात त्यांच्याकडे शिकू लागला. गुरूचे घर उर्दू बोलणारे, शिष्याचे कानडी, भोवतालचा समाज मराठी. तिघांना समजणारी गोष्ट एकच, ती म्हणजे षड्ज. हाच मुलगा पुढे मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व या नावाने गाजला.

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. ज्यांना फी देणे जमत नसे, अशा मुलांना ते स्वतःजवळ ठेवून घेत. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च जलशांच्या मिळकतीतून भागवीत. मुसलमान उस्तादाने हिंदू घरांतील मुलांना पदराला खार लावून शिकवावे, आणि आईबापांनी ती विश्वासाने धाडावीत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. टिपू नावाच्या आपल्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात आवाज द्यावयास शिकविले होते, यावरून त्यांच्या चिकाटीची कल्पना यावी!

शिकविणारा हा माणूस स्वतः घेण्यातही मागे नव्हता. म्हैसूरच्या दरबारी जाणेयेणे झाले, तेव्हा कर्नाटक पद्धतीचे गायन त्यांनी मन लावून ऐकले. त्या पद्धतीच्या सरगमेची छाया त्यांच्या गाण्यात उतरली. त्यागराजांच्या तेलुगू कृती त्यांनी गायिल्या, आणि मराठी नाट्यपदेही. जो दुसऱ्याचे प्रेमाने घेतो, त्याने दिलेलेच दुसऱ्याच्या गळ्यात रुजते, असे मला वाटते.

मात्र सगळेच गोड झाले, असे नाही. विद्यालय पुढे बंद पडले. 1922 साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, आणि मुलांनी माने आडनाव लावले. बाहेरच्या लेकरांना जवळ करणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र मोडले. आपण स्त्रियांनी येथे ताराबाईंचेही स्मरण केले पाहिजे; पाच मुले त्यांनी एकटीने वाढविली. पण सूर कोणाच्या आडनावापाशी अडत नाही. त्यांतील सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे यांनी वडिलांचीच गायकी महाराष्ट्राला ऐकविली.

27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडेचरीस जाताना गाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि तेथेच परमेश्वराचे स्मरण करीत त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांना मूठमाती मिळाली. दरवर्षी गवई तेथे येऊन त्यांच्या स्मरणार्थ गातात.

त्यांची विद्या कोठवर गेली पाहा. फाळणीनंतर रोशनआरा बेगम यांनी ती पाकिस्तानात नेली. सवाई गंधर्वांनी ती गंगूबाई हनगळ आणि भीमसेन जोशी यांना दिली. लहानपणी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून भीमसेनांना गाण्याचे वेड लागले होते. तेच भीमसेन पुढे मराठी अभंग आणि कानडी पदे एकाच भक्तीने गायिले.

आपल्या मंडळाने मुलांसाठी गायनाचा एक लहानसा वर्ग काढावा, अशी माझी सूचना आहे. एक पेटी, एक तबलाजोडी आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी एवढ्यावर आरंभ होईल. त्यात ऊसतोडीहून परतलेली लेकरे असावीत, चौफुलीवर पोटापाण्यासाठी येऊन राहिलेल्या परप्रांतीयांची असावीत, मोहल्ल्यातीलही असावीत. मुलांनी परक्या मुलखातून आणलेली गाणी आपणही शिकून घ्यावीत. खाँसाहेबांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.