पतंगाची तार : मार्कोनीची गोष्ट



गावात केबल आणि डिश येण्यापूर्वी ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरावर उंच पाइपाला अँटेना बांधलेला असे. चित्रात मुंग्या दिसू लागल्या की एकजण छपरावर चढायचा आणि दुसरा खालून चित्र आलं का गेलं ते सांगायचा. पाइप जितका उंच तितकं चित्र स्वच्छ, हे अनुभवाने सगळ्यांना ठाऊक होतं. पण ही उंचीची करामत फुटपट्टी घेऊन मोजली आणि तिच्यावर आपलं सारं आयुष्य लावलं, असा एक माणूस होऊन गेला. मोजमाप केलं तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जमीनजुमला असलेले, आई आयर्लंडची. शाळेत तो फारसा रमला नाही. शिक्षक घरीच येत. बोलोन्याचे प्राध्यापक रिगी हे त्यांच्या शेजारचे. जर्मनीच्या हर्ट्झ या शास्त्रज्ञाने विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात हे दाखवले होते, आणि रिगी त्याच लहरींवर प्रयोग करीत. मार्कोनीच्या मनात आलं, या लहरींवरून तारेशिवाय निरोप का धाडू नये? गावाकडच्या घराच्या माळ्यावर त्याने सामान मांडले. एका बाजूला ठिणगी पाडणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीत धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो, वीज वाहते आणि घंटी वाजते.

माळ्यावर घंटी वाजली. पण अंगणाबाहेर गेलं की लहर विरून जाई. १८९५ साली त्याने एक गंमत केली. यंत्राचे एक टोक जमिनीत पुरले आणि दुसरे टोक खांबावर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याला जोडले. खांब २ मीटर उंच असताना संदेश ३० मीटरपर्यंत पोचला. खांब ४ मीटर केला, संदेश १०० मीटर गेला. ८ मीटर केला तर ४०० मीटर! म्हणजे उंची दुप्पट केली की अंतर जवळजवळ चौपट. डबे आणखी मोठे केल्यावर संदेश दोन किलोमीटरच्या पुढे गेला, मध्ये टेकडी असूनसुद्धा. टेकडीपलीकडे त्याचा भाऊ बंदूक घेऊन उभा होता आणि संदेश मिळताच त्याने बार उडवला, असे सांगतात.

पुढच्याच वर्षी आई त्याला लंडनला घेऊन गेली. तिथे टपाल खात्याचे मुख्य इंजिनिअर प्रीस यांनी त्याला हात दिला. मे १८९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या एका बेटाशी बोलणे करून पाहायचे होते. दोन दिवस काहीच जमेना. तिसऱ्या दिवशी यंत्र कड्यावरून उचलून खाली वाळूत नेले आणि खांबापर्यंतची तार वीस यार्डांनी लांबवली. लगेच संदेश ऐकू आले! यंत्र खाली उतरलं, पण तारेची उंची वाढली. हे मला वाचताना फार आवडलं. यंत्र कुठे आहे याला एवढं महत्त्व नाही, तार किती उंच उभी आहे याला आहे.

आता मार्कोनीने ठरवले की अटलांटिक महासागर ओलांडायचा. जाणत्या लोकांनी माना हलवल्या. लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यामध्ये पृथ्वीचा फुगवटा दोनशे किलोमीटरहून उंच भरतो. इतका उंच खांब कोण उभारणार? तरी इंग्लंडच्या टोकाला पोल्धू येथे त्याने २०० फुटी वीस खांबांचा गोल घेर उभारला. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळ आले आणि सगळा घेर कोलमडला. अमेरिकेत केप कॉड येथे असाच घेर होता, तोही नोव्हेंबरात पडला. कंपनीचा पैसा पाण्यासारखा गेलेला. मार्कोनी खचला असेल असे वाटते ना? त्याने पोल्धूला घाईघाईने दोन खांब उभे करून त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या तारा लावल्या आणि स्वतः जहाजात बसून न्यूफाउंडलंडला गेला. हे बेट युरोपला जास्त जवळ. तिथे नवे खांब उभारायला वेळ नव्हता. म्हणून सोबत काय नेले, तर फुगे आणि पतंग!

आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखे ते नव्हते बरं का. माणूस उचलतील असे मोठे पतंग होते ते. सेंट जॉन्स गावाजवळ सिग्नल हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या जुन्या दवाखान्याच्या खोलीत यंत्र मांडले. डिसेंबरची थंडी आणि समुद्रावरून घोंघावणारा वारा. ११ तारखेला फुगा दोर तोडून गेला. १२ तारखेला पहिला पतंगही गेला. दुसरा पतंग ५०० फूट तार घेऊन वर चढला आणि सुमारे ४०० फुटांवर हेलकावे खात राहिला. पतंग वरखाली झाला की तारेची उंची बदले आणि नीट जुळवलेले यंत्र बिघडून जाई. तेव्हा मार्कोनीने ते बाजूला ठेवले. साधा पाऱ्याचा ग्राहक घेतला आणि टेलिफोनचा कर्णा कानाला लावला. पोल्धूहून रोज ठरल्या वेळी तीनच टिंबे येत, म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याला ती तीन बारीक टिकटिक ऐकू आली. त्याने कर्णा केम्प या सहकाऱ्याला दिला. त्यालाही ऐकू आली. अंतर होते सुमारे ३,४०० किलोमीटर.

पाऱ्याच्या अशाच ग्राहकाचे वर्णन आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले होते. त्यांचे नाव मार्कोनीने आवर्जून घ्यायला हवे होते असे मला वाटते.

हा आवाज दोघांनीच ऐकला, कागदावर काही उमटले नव्हते. म्हणून पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, आणि आजही काही जाणकार शंका घेतात. पण मार्कोनी वाद घालत बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो जहाजातून निघाला, उंच डोलकाठीला तारा बांधल्या, संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले आणि कप्तानाची सही घेतली. तेव्हा एक नवल दिसले. दिवसा संदेश सुमारे १,१०० किलोमीटरवर थांबले, पण रात्री तीन हजारांच्या पुढेही टिंबे मिळाली. तारेची उंची तीच, मग रात्री असे काय होते?

त्याचे उत्तर आकाशात होते. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी वेगवेगळे सुचवले की हवेच्या खूप वर विजेचा एक थर असावा आणि लहरी त्यावर आपटून खाली येत असाव्यात. ॲपल्टन यांनी १९२४ साली ते सिद्ध केले. म्हणजे मार्कोनीला हवा असलेला शंभर कोसांचा उंच खांब निसर्गाने आधीच उभारून ठेवला होता.

मग तारेच्या उंचीला काहीच अर्थ नाही का? आहे. तळ्यात खापरी सरळ वर फेकली तर जवळच पडते. पाण्यालगत तिरपी मारली तर टप्पे घेत लांब जाते. आडवी तार जमिनीजवळ असली तर लहरी बहुतेक सरळ वर जातात आणि जवळपास उतरतात. ती लहरीच्या निम्म्या लांबीइतकी उंच नेली, म्हणजे २० मीटरच्या लहरीसाठी १० मीटर, की लहरी तिरप्या निघतात आणि दूर देशी उतरतात. ऐकण्यालाही हेच लागू. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक म्हणूनच खांबासाठी धडपडतात.

पण या हौशी लोकांनी मार्कोनीच्या नियमाला एक चिमटाही काढला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेच्या पॉल गॉडली याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सुमारे १,३०० फूट लांब तार ताणली, उंची फक्त १२ फूट. तिचे तोंड अमेरिकेकडे होते आणि तिच्यात आकाशातली खरखर कमी येई. तिच्यावर त्याने अमेरिकेतल्या हौशी मंडळींचे संदेश ऐकले.

मार्कोनी स्वतःही नंतर आखूड लहरींकडे वळला. त्याच्या कंपनीच्या पद्धतीने १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. आपल्याकडून संदेश पुण्याजवळच्या खडकीहून जात आणि येणारे संदेश दौंडला घेत. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेच आठवते!

१९०९ साली त्याला ब्राउन या शास्त्रज्ञासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा त्याच्या बिनतारी यंत्रामुळे दुसरे जहाज धावून आले आणि सातशेच्या वर माणसे वाचली. एक गोष्ट मात्र खटकते. उतारवयात तो मुसोलिनीच्या पक्षात गेला आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. मोठ्या माणसाचे तेवढेच झाकून ठेवणे बरे नाही, म्हणून लिहिले.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनी वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी अनेक बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपली यंत्रे बंद ठेवली.